‘हो सर’ म्हणणारी टीम आणि अ‍ॅजाइल: भारतीय आयटीने परकी पद्धत आपलीशी कशी केली?

मुलगा किंवा मुलगी आयटीत लागली की घरात काही नवे शब्द येतात. ‘आज स्प्रिंट संपतोय’, ‘माझा स्टँडअप आहे, दहा मिनिटं कुणी आवाज करू नका’, ‘क्लायंटचा डेमो आहे, जेवायला उशीर होईल’. अम्मी-अब्बांना एवढंच कळतं की काम काहीतरी महत्त्वाचं आहे. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आमच्याकडे अ‍ॅजाइल चालतं.’

नॅसकॉम या उद्योग संघटनेच्या आकड्यांनुसार 2022-23 मध्ये भारताच्या तंत्रज्ञान उद्योगात सुमारे 54 लाख लोक काम करत होते. पुण्यातलं हिंजवडी, खराडी, मगरपट्टा असो की मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू, यातल्या फार मोठ्या वर्गाचा दिवस आज या अ‍ॅजाइलच्या वेळापत्रकाने चालतो. आपल्या समाजातली, घराण्यात पहिल्यांदाच इंजिनिअर झालेली अनेक मुलंमुलीही त्यात आहेत. म्हणून ही पद्धत काय आहे, ती भारतात आणताना काय काय बदलावं लागलं आणि ती कुठे अडली, हे आपण समजून घेऊ. कारण ती जिथे अडली, तिथेच आपली मुलंही अडतात.

अ‍ॅजाइल म्हणजे नेमकं काय?

ईदसाठी शेरवानी शिवायला टाकली आहे असं समजा. एक दर्जी माप घेतो, पावती देतो आणि सांगतो, ‘चाँदरातीला या.’ चाँदरातीला शेरवानी हातात पडते आणि कळतं की बाही आखूड आहे. आता वेळही नाही आणि कापडही नाही. दुसरा दर्जी आठवड्याने बोलावतो, कच्च्या टाक्यांवर अंगावर घालून बघतो, खांदा सैल असेल तर खडूची खूण करतो, पुन्हा एकदा बोलावतो. दोघांचं कसब सारखं असलं तरी दुसऱ्याकडे चूक लवकर सापडते आणि स्वस्तात दुरुस्त होते.

सॉफ्टवेअरची जुनी पद्धत पहिल्या दर्ज्यासारखी होती. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोडिंग, मग टेस्टिंग आणि शेवटी क्लायंटच्या हातात. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडावं तसं काम पुढे जातं, परत वर येत नाही. म्हणून तिला वॉटरफॉल म्हणतात. दीड-दोन वर्षांनी क्लायंट म्हणायचा, ‘मी सांगितलं होतं ते हेच, पण मला हवं होतं ते हे नाही.’

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे 17 अनुभवी सॉफ्टवेअरवाले जमले. त्यांनी चार मूल्यांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला आणि त्याला 12 तत्त्वं जोडली. सार सोपं होतं: कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबत काम करणं महत्त्वाचं, ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला उत्तर देणं महत्त्वाचं आणि प्रक्रियेपेक्षा माणसं महत्त्वाची.

यातली सर्वांत जास्त चालणारी पद्धत म्हणजे स्क्रम. काम एक ते चार आठवड्यांच्या टप्प्यांत वाटायचं, एका टप्प्याला स्प्रिंट म्हणायचं. रोज 15 मिनिटांत काल काय झालं, आज काय करणार आणि कुठे अडलंय हे एकमेकांना सांगायचं, तो स्टँडअप. स्प्रिंटच्या शेवटी तयार झालेलं ग्राहकाला दाखवायचं आणि मग टीमने बसून ‘आपलं काय चुकलं’ हे बोलायचं. काय आधी करायचं हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो, अडथळे दूर करायला स्क्रम मास्टर असतो. कामांच्या यादीला बॅकलॉग म्हणतात. एवढंच.

भारताची गाडी वेगळ्या रुळावर होती

अडचण अशी की ही पद्धत लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं. छोटी टीम, एकच खोली, शेजारी बसलेला ग्राहक आणि समोरासमोर वाद घालणारी बरोबरीची माणसं. भारतीय सॉफ्टवेअर उद्योग नेमका याच्या उलट गोष्टींवर उभा राहिला होता.

आपला ग्राहक न्यूयॉर्क नाहीतर लंडनला आणि काम करणारा पुण्याला किंवा चेन्नईला. एवढ्या लांबून अनोळखी कंपनीवर विश्वास का ठेवायचा, या प्रश्नाचं उत्तर भारतीय कंपन्यांनी कागदावर दिलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने सीएमएम नावाची दर्जाची शिडी बनवली होती. तिची सर्वांत वरची पायरी पाचवी. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगातल्या पाचव्या पायरीवरच्या कंपन्यांपैकी निम्म्याहून जास्त भारतात होत्या. प्रत्येक गोष्टीचा दस्तऐवज, प्रत्येक टप्प्यावर सही, प्रत्येक बदलाचा अर्ज. हे सगळं दिखाव्यासाठी नव्हतं. याच शिस्तीने लाखो घरांत पगार आणला.

त्यात पैशाचं गणितही होतं. ठरलेल्या किमतीच्या करारात काय बनवायचं हे आधीच गोठवलेलं असतं. क्लायंटने मध्येच काही वेगळं मागितलं तर ‘चेंज रिक्वेस्ट’ भरायची आणि जादा पैसे घ्यायचे. अ‍ॅजाइल म्हणतं, बदलाचं स्वागत करा. करार म्हणतो, बदलाचं बिल लावा. एका म्यानात या दोन तलवारी कशा बसणार?

तिसरी गोष्ट उतरंड. खाली भरपूर फ्रेशर, वर टीम लीड, त्यावर प्रोजेक्ट मॅनेजर, त्यावर डिलिव्हरी मॅनेजर. क्लायंटशी बोलणार वरचा, काम करणार खालचा. अ‍ॅजाइलला हवी स्वतःचं काम स्वतः ठरवणारी टीम.

मग काय काय बदललं?

पहिलं, अंतर. थॉटवर्क्स या कंपनीने 2001 पासून बेंगळुरूत अ‍ॅजाइल पद्धतीने काम सुरू केलं. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी मार्टिन फाउलर याच कंपनीतले. त्यांनी तिथला अनुभव नंतर लिहून ठेवला. दोन्ही बाजूंनी माणसं आलटून-पालटून एकमेकांकडे राहायला पाठवावीत, सुरुवातीला तर नक्कीच, असा त्यांचा सल्ला होता. त्यांनी अशा माणसांना ‘राजदूत’ म्हटलं. ईमेलवर जे वाक्य उद्धट वाटतं, ते एकदा सोबत चहा घेतलेल्या माणसाकडून आलं तर उद्धट वाटत नाही. आणखी एक उपाय म्हणजे गरज नुसती वर्णन करून न सांगता ती तपासायची चाचणी आधी लिहायची. म्हणजे ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, यावर हजारो किलोमीटरवरून वाद होत नाही.

दुसरं, वेळ. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि हिवाळ्यात आठ. कॅलिफोर्नियाची सकाळ म्हणजे आपली रात्र. सगळ्यांनी रोज एकाच वेळी बोलायचं ठरवलं तर भार कायम भारतीय बाजूवर पडतो. म्हणून अनेक टीम दोन स्टँडअप घेतात, एक सकाळी आपला आपला आणि एक आठवड्यातून ठरावीक दिवशी क्लायंटसोबत. काही जण प्रॉडक्ट ओनरचा भारतातला प्रतिनिधी नेमतात, म्हणजे साध्या शंकेसाठी रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही.

तिसरं, करार. काही ठिकाणी तासांप्रमाणे किंवा स्प्रिंटप्रमाणे पैसे घेणं सुरू झालं. जिथे किंमत ठरलेलीच आहे तिथे अदलाबदलीचा मार्ग निघाला: नवीन मागणी घ्या, पण तेवढ्याच वजनाची जुनी मागणी यादीतून काढा. किंमत तीच, तारीख तीच, आतला माल बदलू शकतो.

चौथं, मोठा आकार. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने 2020 पर्यंत पूर्ण कंपनी अ‍ॅजाइल करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आणि एका खोलीची अट सोडून ‘ठिकाण कोणतंही असो’ अशी आपली रीत मांडली. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन आला आणि सगळ्याच कंपन्यांना घरून काम करावं लागलं. वेगवेगळ्या शहरांत बसून एका फळ्यावर काम करण्याची सवय ज्यांना आधीच होती, त्यांना ते कमी जड गेलं.

इथे अमळनेरचाही उल्लेख करायला हवा. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्यातूनच पुढे विप्रो झाली. त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांच्या काळात, 2004 च्या सुमारास, विप्रोने टोयोटा मोटार कारखान्याची ‘लीन’ पद्धत सॉफ्टवेअरच्या कामाला लावून पाहिली. वाया जाणारी मेहनत शोधायची, चूक पुढे न ढकलता जिथल्या तिथे थांबवायची. व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी या प्रयोगाचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक बाबतींत असे प्रकल्प इतरांपेक्षा सरस ठरलेले दिसले.

हैदराबादची गोष्ट

बदल म्हणजे काय, हे एका खऱ्या उदाहरणाने सर्वांत चांगलं कळतं. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल हैदराबादमधली एक टीम करत होती. टीम बाहेरच्या कंपनीची, शिस्त पाचव्या पायरीची, माणसं कष्टाळू. तरी मायक्रोसॉफ्टच्या त्या विभागात तिचंच नाव सर्वांत वाईट होतं. एक छोटा बदल मागितला तर हातात पडायला सुमारे पाच महिने लागत होते.

चौकशी केली तेव्हा कळलं की दोष माणसांचा नव्हता. नियम असा होता की नवीन मागणी आली की 48 तासांत तिचा अंदाज द्यायचा, म्हणजे किती वेळ लागेल, किती खर्च येईल. त्यासाठी डेव्हलपर आणि टेस्टर हातातलं काम बाजूला ठेवायचे. टीमची एक तृतीयांशाहून जास्त ताकद या अंदाजांतच जात होती. त्यातल्या कित्येक मागण्या पुढे होतच नव्हत्या. म्हणजे मजूर दिवसभर वेगवेगळ्या घरांची मोजमापं घेत फिरतोय आणि भिंत मात्र एकाही घराची उभी राहत नाही.

डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने तिथल्या मॅनेजरने दोन गोष्टी केल्या. अंदाज देणं बंद केलं आणि एका वेळी हातात किती कामं घ्यायची यावर मर्यादा घातली. एक काम संपलं की पुढचं आत घ्यायचं. कोणतं घ्यायचं हे काम मागणाऱ्या विभागांनी आपसांत बोलून ठरवायचं. वर्षभराच्या आत पाच महिन्यांवरून वेळ साधारण दोन आठवड्यांवर आली आणि सर्वांत मागे असलेली टीम सर्वांत पुढे गेली. अ‍ॅजाइलच्या कुटुंबातल्या कानबान या पद्धतीचा सॉफ्टवेअरमधला पाया या कामात घातला गेला.

आम्हाला यातली एक गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. अंदाज देण्यात दिवस जातोय हे हैदराबादच्या डेव्हलपर आणि टेस्टरना रोज दिसत असणार, कारण हातातलं काम त्यांनाच बाजूला ठेवावं लागत होतं. पण ठरलेल्या व्यवस्थेत ते कुणी त्यांना विचारत नव्हतं, आणि न विचारता सांगायची रीत नव्हती.

नावापुरतं अ‍ॅजाइल

भारतीय आयटीने अ‍ॅजाइलचे शब्द झपाट्याने घेतले. प्रमाणपत्रांचे वर्ग निघाले, स्क्रम मास्टरची पदं निघाली. पण पुष्कळ ठिकाणी जुन्याच व्यवस्थेला नवं नाव मिळालं. सुरुवातीला मोठा दस्तऐवज, शेवटी मोठं टेस्टिंग, मध्ये फक्त स्प्रिंट. या प्रकाराला उद्योगात गमतीने ‘वॉटर-स्क्रम-फॉल’ म्हणतात.

स्टँडअप एकमेकांना मदत करण्यासाठी होता, तो मॅनेजरपुढची हजेरी झाला. टीमचा वेग टीमने स्वतःला ओळखण्यासाठी मोजायचा होता, तो दोन टीमची तुलना करण्यासाठी चाबकासारखा वापरला गेला. ‘आपलं काय चुकलं’ या बैठकीत सगळे म्हणतात, ‘सगळं छान झालं.’ मग दहाव्या दिवशी, स्प्रिंट संपायला चार तास असताना, कळतं की अर्धं काम झालेलंच नाही.

असं का होतं? कारण वेळापत्रक बदलता येतं, फळा विकत घेता येतो, पण ज्याच्या हातात काम आहे त्याने वरिष्ठासमोर ‘हे होणार नाही’ म्हणायला पाहिजे. आणि आपण, सगळे भारतीय, लहानपणापासून नेमकं हेच न करायला शिकतो. फाउलर यांच्या लेखातही ही अडचण आहे: प्रश्न विचारायला आणि अडचण सांगायला संकोचणारी माणसं. त्यामुळे ‘हो सर’ हे उत्तर मिळतं. परदेशी क्लायंट त्याचा अर्थ ‘काम होईल’ असा घेतो. आपल्या मुलाच्या मनात मात्र फक्त ‘तुमचं म्हणणं ऐकलं’ एवढंच असतं.

आपली मुलं कुठे अडतात

तालुक्याच्या गावातून, मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकून आलेला मुलगा कोडिंगमध्ये कमी नसतो. पण रोज सकाळी सगळ्यांसमोर इंग्रजीत ‘मी अडकलोय’ म्हणायची वेळ आली की तो गप्प बसतो. त्याला वाटतं, कबूल केलं तर कमी समजतील. मग दोन दिवस एकटाच झगडतो. तिसऱ्या दिवशी लीडला कळतं, आणि शेरा पडतो, ‘कम्युनिकेशन कमी’. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात हा शेरा पगारवाढ आणि बढती, दोन्हींच्या आड येतो.

खरं तर अ‍ॅजाइलमध्ये अडचण लवकर सांगणारा हुशार मानला जातो. सकाळी सांगितलेली अडचण दुपारी सुटते. लपवलेली अडचण डेमोच्या दिवशी सगळ्या टीमची अब्रू घालवते. आणि त्यासाठी फाडफाड इंग्रजी लागत नाही. तीन साधी वाक्यं लागतात: हे मला समजलं नाही. मी इथे अडकलोय, मदत पाहिजे. हे आज होणार नाही, उद्या दुपारपर्यंत होईल.

अ‍ॅजाइल इस्लाममधून आलं असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण ही सवय आपल्याला परकी नाही. कुरआनमधल्या एका सूरहचं नावच ‘अश-शूरा’, म्हणजे मशवरा. हिजरी 5 मध्ये मदीनेवर मोठी फौज चालून आली, तेव्हा शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणण्याची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी केली. ते दूर इराणहून आलेले, गुलामीतून सुटलेले. अरबांच्या लढाईत अशी पद्धत नव्हती. तरी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती सूचना मान्य केली आणि स्वतः खोदकामात उतरले. सल्ला कोण देतोय यापेक्षा सल्ला काय आहे ते पाहिलं गेलं. आपल्या घरांत, जमातींत, ट्रस्टच्या बैठकांत आज धाकट्यांचं असं ऐकलं जातं का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. जिथे घरात ‘मोठ्यांसमोर बोलू नको’ हाच नियम आहे, तिथला मुलगा ऑफिसात अचानक कसा बोलेल? अदब आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अदब ठेवूनही ‘अब्बा, मला हे पटत नाही’ म्हणता येतं.

जुमा, रमजान आणि स्प्रिंट

घरच्यांना नेहमी पडणारा प्रश्न: नमाजचं काय? इथे अ‍ॅजाइलचा नियम आपल्या बाजूने आहे. नवी टीम बनते तेव्हा ती आपल्या बैठकांच्या वेळा आणि कामाचे नियम आपसांत ठरवते. तेव्हाच सांगावं की शुक्रवारी दुपारी जुम्यासाठी मी तासभर नसेन, डेमो त्या वेळेत ठेवू नका. पहिल्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट व्यवस्था बनते, ऐन वेळी सांगितलेली गोष्ट सबब वाटते.

स्प्रिंटच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे किती वेळ आहे हे मोजूनच काम घेतलं जातं. त्यामुळे रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी कॉल शक्य नाही, त्याऐवजी सकाळी लवकर बसेन, हे नियोजनातच मांडता येतं. ईद चंद्रदर्शनावर असते, म्हणून दोन्ही संभाव्य दिवस आधीच कळवावेत आणि त्या दोन दिवसांवर महत्त्वाचं काम टाकू नये असं सुचवावं. रमजानभर मात्र जेवढं कबूल केलं तेवढं काम झालंच पाहिजे. दिलेला शब्द ही अमानत आहे, आणि पुढच्या मुस्लिम सहकाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हेही त्यावरून ठरतं.

मुलींच्या बाबतीत घरच्यांची काळजी उशिराच्या कॉलची असते. ती रास्त आहे. पण नोकरी सोडायला लावण्याआधी एवढं विचारा: क्लायंट कोणत्या देशाचा, कॉल आठवड्यातून किती दिवस, घरून घेता येतो का, गाडीची सोय आहे का. युरोपच्या क्लायंटचा कॉल आपल्या दुपारीही होऊ शकतो. अनेकदा टीम किंवा प्रकल्प बदलून प्रश्न सुटतो.

आपल्या मोहल्ल्यांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरं होतात. त्यांत कोणती भाषा शिकायची, कोणतं प्रमाणपत्र घ्यायचं हे सांगितलं जातं. आमची सूचना अशी की त्यात एक तास अजून ठेवावा. आयटीत काम करणाऱ्या समाजातल्याच दोन-तीन जणांना बोलवावं, मुलामुलींचे आठ-आठचे गट करावेत आणि दोन आठवडे रोज 15 मिनिटं खरा स्टँडअप घ्यावा. विषय काहीही असो, कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा मदरशाच्या वाचनालयाची यादी. ज्याने ‘मी अडकलोय’ म्हटलं त्याला हसायचं नाही, एवढा एकच नियम. खर्च काही नाही. पण ते वाक्य इथे बिनधास्त म्हणायला शिकलेला मुलगा हिंजवडीतही ते म्हणू शकेल.